कार्बाइडची धास्ती, बुरशीला माफी!

बोर्डी-घोलवडच्या रस्त्यावर चिकूची टोपली मांडून बसलेल्या बाईला शहरातून आलेली मंडळी हमखास विचारतात, ‘कार्बाइडचे नाहीत ना हो?’ प्रश्न रास्तच आहे. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे. त्यात आर्सेनिकचे अंश असू शकतात आणि आर्सेनिकमुळे कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या घोलवडच्या चिकूला असा डाग लागणं बागायतदारांनाही परवडणारं नाही.

पण हा चोखंदळपणा घरी शेंगदाण्याचा डबा उघडताना कुठे जातो? चार दाणे सुरकुतलेले, दोन काळपट, एखादा कडू... ‘भाजले की जातं सगळं,’ म्हणत आपण त्यांचं कूट करून मोकळ्या होतो. रसायन म्हटलं की आपल्याला धडकी भरते, बुरशी मात्र जणू घरचीच!

हीच बुरशी काय करू शकते, ते १९६० साली इंग्लंडमध्ये दिसलं. बुरशी आलेली शेंगदाण्याची पेंड खाऊन तिथे एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले. त्या विषाला नाव मिळालं अफ्लाटॉक्सिन. १९७४ मध्ये ते आपल्या शेजारीच, गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांत माणसांवर उलटलं. मका काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला, भिजलेली कणसं तशीच साठवली गेली. घरात दुसरं धान्य नव्हतं, म्हणून तोच मका खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी झालं आणि शंभरावर माणसं दगावली. बहुतेक आदिवासी. त्यांच्या घरचं उरलंसुरलं खाणारी कुत्रीसुद्धा मेली.

हे झालं एकदम मोठ्या प्रमाणात पोटात गेलेल्या विषाचं. तेच थोडं थोडं वर्षानुवर्षं जात राहिलं, तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला तंबाखूच्याच पंगतीत, म्हणजे माणसात नक्की कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींत बसवलं आहे. ज्यांच्या शरीरात हिपॅटायटिस बी आहे, त्यांना तर हा धोका कितीतरी पटींनी जास्त. म्हणून बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत मिळणारी ही मोफत लस चुकवू नये.

एक कडू दाणा चावला म्हणून घाबरायचं कारण नाही. पण हे विष भाजून, उकळून पुरतं जात नाही, हे लक्षात ठेवायला हवं. उपाय जुनाच आहे. नीट वाळवायचं, कोरडं ठेवायचं आणि डोळ्यांत तेल घालून निवडायचं. बोर्डीसारख्या समुद्रकाठी पावसाळ्यात मीठसुद्धा ओलं होतं. म्हणून तर आपल्या आज्या आगोटीला मिरच्या, डाळी, दाणे कडकडीत उन्हात घालून मगच डबे भरत. त्याला कुणी आरोग्यरक्षण म्हटलं नाही. बायकांचं काम म्हणून ते हिशेबातच धरलं नाही!

पण सगळा भार बाईच्या सुपावर टाकून चालणार नाही. गळक्या गोदामातलं धान्य ती किती निवडणार? डोंगरपट्टीतल्या झोपडीत मका वाळवायला ताडपत्री आणि साठवायला कोरडी जागा नसेल, तर तिला आरोग्याचे धडे देऊन काय उपयोग? युरोपात खाण्याच्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन किलोला ४ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. आपल्याकडची मर्यादा त्याहून सैल आहे आणि सुट्ट्या मालाची तपासणी होताना दिसते तरी कुठे?

आणि एक गोष्ट मात्र सर्वस्वी आपल्या हातात आहे. निवडून काढलेले खराब दाणे आपण करतो काय? गाईला घालतो, पुण्य म्हणून. ते विष रूप बदलून तिच्या दुधात उतरतं आणि आपल्याच घरी परत येतं. नाहीतर ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणत कामवाल्या बाईच्या पिशवीत टाकतो. अन्न टाकणं पाप, हे खरंच. पण आपल्या मुलाच्या ताटात जे वाढणार नाही, ते दुसरीच्या मुलाच्या ताटात ढकलायचं, याला काय म्हणायचं?