तराजू यंत्राचा, उत्तरदायित्व कोणाचे?

बँक नको, दलाल नको, शासनाचे नियंत्रणही नको. संगणकाची आज्ञावली हाच कायदा, असा उद्घोष करीत ‘विकेंद्रित वित्तव्यवस्था’ नावाचा नवा पंथ पाश्चात्त्य जगात उदयास आला. माणूस लबाडी करतो, यंत्र करीत नाही, हे त्याचे आद्य गृहीतक. ते किती पोकळ आहे, हे ‘मँगो मार्केट्स’ प्रकरणाने दाखवून दिले.

आभासी चलने तारण ठेवून कर्ज देणारी ही यंत्रणा. तारणाचे मूल्य ठरवायचे तर बाजारभाव कळला पाहिजे. पण आज्ञावलीला बाहेरचे जग दिसत नाही. म्हणून बाहेरील बाजारांतले भाव तिच्या कानावर घालणारी व्यवस्था असते. तिला ‘ओरॅकल’, म्हणजे देवाचा कौल, असे भारदस्त नाव आहे. पण हा कौल ज्या बाजाराकडे पाहून दिला जातो, तो बाजारच कोणी घटकाभर ताब्यात घेतला तर?

११ ऑक्टोबर २०२२ रोजी नेमके तेच घडले. अव्राहम आयझेनबर्ग या अमेरिकी व्यापाऱ्याने दोन खात्यांत प्रत्येकी सुमारे ५० लाख डॉलर भरले. ‘मँगो’च्याच नाण्याचा वायदा एका खात्यातून विकला, दुसऱ्यातून घेतला. मग ओरॅकलची नजर असलेल्या बाजारांत त्या नाण्याची धडाक्याने खरेदी केली. उलाढाल मुळातच तुटपुंजी. सुमारे ४ सेंटचा भाव पाहता पाहता ९० सेंटपर्यंत चढला. यंत्राने कागदावरचा नफा खरा मानून सुमारे ११ कोटी डॉलर कर्जाऊ दिले. नंतर भाव कोसळला. तिजोरी रिती झाली होती. ओरॅकल खोटे बोलले नव्हते. भावच खोटा होता, आणि हा भेद ओळखण्याचा विवेक यंत्रापाशी नव्हता.

आपण केले ते कायदेशीरच, असे आयझेनबर्गने जाहीरपणे सांगितले. नाणेधारकांच्या मतदानानंतर त्याने ६.७ कोटी डॉलर परत केले. एप्रिल २०२४ मध्ये ज्यूरीने त्याला दोषी ठरविले. मे २०२५ मध्ये न्यायाधीशांनी तो निर्णय रद्द केला. काही आरोपांसाठी न्यूयॉर्क हे योग्य न्यायक्षेत्र नव्हते. शिवाय खोटे निवेदन करून फसविल्याचा पुरावा अपुरा ठरला. जेथे वचन देणारा कोणी नाही आणि घेणाराही कोणी नाही, तेथे वचनभंग सिद्ध कसा व्हावा?

ही क्लृप्ती आपल्याला अपरिचित नाही. केतन पारेख प्रकरणात फुगलेल्या भावाचे शेअर तारण ठेवून कर्जे उचलली गेली आणि २००१ मध्ये माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक कोसळली. ठेवीदार होरपळले, हे खरे. परंतु दाद मागायला रिझर्व्ह बँक होती, न्यायालय होते. सेबीने पारेख यांना १४ वर्षे बाजारबंदी केली. विकेंद्रित व्यवस्थेत बुडालेल्याने कोणाचे दार ठोठवायचे?

कौटिल्याने संगनमताने भाव बिघडविणाऱ्या व्यापाऱ्यांना १००० पणांचा दंड सांगितला आहे. वजनमापांवर देखरेखीसाठी स्वतंत्र अध्यक्ष नेमला आहे. तराजू कितीही अचूक असो, त्यावर राजसत्तेची नजर हवी, हा त्यातील धर्मविचार.

आपल्या शासनाने २०२२ मध्ये आभासी संपत्तीच्या उत्पन्नावर ३० टक्के कर लावला, २०२३ मध्ये हे व्यवहार काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली आणले. पण करवसुली म्हणजे गुंतवणूकदाराचे संरक्षण नव्हे. भाव कोठून घेतला, किती काळाची सरासरी धरली, तुटपुंज्या उलाढालीच्या नाण्यावर कर्जाची मर्यादा काय, याचे उत्तर देणारी नामनिर्देशित व्यक्ती असल्याविना भारतीय तरुणांचा पैसा अशा मंचांवर जाऊ देता कामा नये.

हा तंत्रज्ञानाला विरोध नव्हे. २०१६ पासून यूपीआयने भाजीवाल्यापर्यंत संगणकीय व्यवहार पोहोचविला. पण त्यामागे उत्तरदायी संस्था उभ्या आहेत. यंत्र हिशेब ठेवील. जाब मात्र माणसालाच द्यावा लागेल.