भिंत कोणी बांधली?

अमेरिकेच्या राज्यघटनेवर वाद रंगला की दोन ठाम विधाने हमखास कानावर पडतात. पहिले असे: अमेरिका ख्रिस्ती राष्ट्र म्हणूनच जन्माला आली, तिची राज्यव्यवस्था बायबलमधून उतरली, आणि धर्म व राज्य यांची फारकत पुढच्या काळातल्या न्यायाधीशांनी मागाहून घुसडली. दुसरे असे: घटनाकार सगळे बुद्धिवादी, चर्चला विटलेले, त्यांनी धर्माला बाहेर काढून राज्य उभारले आणि ख्रिस्ती धर्माचा त्यात काडीचाही वाटा नाही. पहिले विधान तिकडच्या धर्माभिमान्यांचे, दुसरे तिकडच्या इहवाद्यांचे. आपल्याकडे दोन्ही सोयीनुसार दाखल्यादाखल वापरली जातात. ‘त्यांचा अध्यक्षसुद्धा बायबलवर हात ठेवून शपथ घेतो’ हे वाक्य न ऐकलेला मराठी माणूस विरळा.

दोन्ही विधाने पुराव्यापुढे टिकत नाहीत, असे माझे म्हणणे आहे. अमेरिकन राज्ययंत्रणेचा पाया ख्रिस्ती नाही, हे खरे. पण तो ख्रिस्ती असू नये म्हणून जे लोक तुरुंगात गेले, अर्जांवर सह्या करत हिंडले, त्यांत निष्ठावंत ख्रिस्तीच पुढे होते, हेही तितकेच खरे.

पहिल्या पक्षाची बाजू आधी नीट मांडू, कारण ती अगदीच फुसकी नाही. मॅसॅच्युसेट्ससारख्या वसाहती प्युरिटन पंथीयांनी धर्मासाठीच वसवल्या. १७७४ साली फिलाडेल्फियात भरलेल्या पहिल्या काँग्रेसमध्ये जेकब डुशे या धर्मगुरूने पस्तिसावे स्तोत्र वाचून प्रार्थना केली, तेव्हा सभासदांचे डोळे पाणावले. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ईश्वराचा उल्लेख आहे. नव्या काँग्रेसने १७८९ मध्ये सरकारी पगारावर धर्मगुरू नेमले. वॉशिंग्टनने १७९६ च्या निरोपाच्या निवेदनात धर्म आणि नीती यांना राज्याचे आधारस्तंभ म्हटले. एवढी सामग्री हाताशी असताना ‘ख्रिस्ती राष्ट्र’ म्हणायला काय हरकत आहे?

हरकत अशी, की ही सगळी सामग्री लोक कसे होते ते सांगते; राज्य कशावर उभारले ते सांगत नाही. वसाहतींचेच पाहा. प्युरिटनांचे राज्य खरोखर धर्मराज्य होते, आणि त्याने काय केले? मेरी डायर या बाईला क्वेकर पंथाची म्हणून हद्दपार केले, ती परत आली म्हणून १६६० मध्ये बोस्टनमध्ये फासावर चढवले. १७८७ ची घटना या परंपरेची लेक म्हणायची, तर तिने आईचे घर साफ नाकारले असेही म्हणावे लागेल. कारण संघराज्याच्या कोणत्याही पदासाठी कधीही धर्माची अट घालता येणार नाही, असे सहाव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. त्या काळी बहुतेक राज्यांत अशी अट होती. डेलावेअरमध्ये तर पद घेणाऱ्याला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांवरची श्रद्धा जाहीर करावी लागे. हा नमुना डोळ्यांसमोर असताना घटनाकारांनी तो उचलला नाही. तेव्हा हे अनवधान नव्हते.

जाहीरनाम्यातला ईश्वर कोणता, हेही पाहिले पाहिजे. तो निसर्गाचा ईश्वर आहे, निर्माता आहे, जगाचा न्यायाधीश आहे. येशूचे नाव त्यात नाही, क्रूस नाही, बायबल नाही. जोतीराव फुल्यांचा निर्मिक ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा ईश्वर ओळखीचा वाटेल. शिवाय या निर्मात्याने माणसांना हक्क दिले असे म्हटल्यावर पुढचे वाक्य काय सांगते? सरकारला सत्ता मिळते ती शासितांच्या संमतीतून. राजसत्ता देवाकडून येते, हा युरोपातला जुना ख्रिस्ती सिद्धांत होता. जाहीरनामा नेमका त्याच्याच मुळावर घाव घालतो.

प्रत्यक्ष घटनेत तर तोही ईश्वर नाही. तारीख लिहिताना ‘प्रभूच्या वर्षी’ हा त्या काळचा दस्तऐवजी प्रघात आहे, आणि विधेयकावर सही करायच्या दहा दिवसांतून रविवार वगळला आहे. बस्स, एवढेच. अध्यक्षाची शपथ घटनेत शब्दशः दिली आहे. तिच्यात देव नाही आणि बायबलही नाही. उलट, शपथ घेणे ज्यांना धर्मबाह्य वाटे त्या क्वेकरांसारख्यांसाठी शपथेऐवजी नुसत्या प्रतिज्ञेची सोय आहे. बायबल हा रिवाज आहे. जॉन क्विन्सी ॲडम्सने १८२५ मध्ये कायद्याच्या पुस्तकावर हात ठेवून शपथ घेतली, म्हणून त्याचे अध्यक्षपद कोणी रद्दबातल ठरवले नाही.

घटनासभेतला एक प्रसंग या दृष्टीने जवळून पाहण्याजोगा आहे. २८ जून १७८७. मोठ्या आणि छोट्या राज्यांच्या भांडणात सभा अडकून पडली होती. ८१ वर्षांच्या बेंजामिन फ्रँकलिनने सुचवले, की रोज सकाळी धर्मगुरूला बोलावून प्रार्थनेने काम सुरू करावे. यावर हरकती निघाल्या: इतक्या दिवसांनी आताच प्रार्थना सुरू केली तर बाहेर सभेत बेबनाव झाल्याची बोंब होईल, धर्मगुरूला द्यायला सभेकडे पैसे नाहीत. शेवटी मत न घेताच सभा उठली. तीन-चार जण सोडले तर कोणालाच प्रार्थनेची गरज वाटली नाही, अशी नोंद फ्रँकलिनने स्वतःच करून ठेवली. भाषण खरे आहे म्हणून ते आज मोठ्या अभिमानाने उद्धृत केले जाते. सभेने त्याचे काय केले ते मात्र गाळले जाते.

आणखी एक लाडका युक्तिवाद आहे: सरकारची तीन अंगे बायबलमधल्या यशयाच्या तेहतिसाव्या अध्यायातून आली, कारण तिथे परमेश्वराला न्यायाधीश, विधिकर्ता आणि राजा म्हटले आहे. वचन आहे, नाकारत नाही. पण ते तिन्ही अधिकार एकाच हाती देते! आणि तिन्ही सत्ता एका हाती एकवटणे हीच जुलमाची व्याख्या, असे ‘घटनेचा जनक’ म्हणवला जाणारा जेम्स मॅडिसन घटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’च्या ४७ व्या लेखात सांगतो. तिथे तो आधार घेतो तो माँतेस्क्यूचा. देवाला जे शोभते ते माणसाच्या हाती देऊ नये, असा अर्थ काढायचा तर काढा. पण मग यशया हा सत्ताविभाजनाचा उगम उरत नाही.

आकड्यांचा पुरावाही पुढे केला जातो. डोनाल्ड लुट्झ या अभ्यासकाने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १७६० ते १८०५ या काळातल्या राजकीय लेखनातले सुमारे ३४ टक्के संदर्भ बायबलचे निघाले. हा आकडा खरा आहे. मात्र त्यांतले बहुसंख्य संदर्भ छापील प्रवचनांतले आहेत. प्रवचनात बायबल असायचेच. १७८७-८८ मध्ये घटनेच्या बाजूने लिहिणाऱ्यांचे लेखन वेगळे काढले, तर बायबल जवळजवळ नाहीसेच होते. हे वर्गीकरणही लुट्झचेच.

आणि १७९७ च्या त्रिपोलीच्या तहाचे काय? त्याच्या अकराव्या कलमात अमेरिकेचे सरकार कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर आधारलेले नाही, असे म्हटले आहे. सिनेटने तो एकमताने मंजूर केला, जॉन ॲडम्सने सही केली. या तहावर इहवादी मंडळी जरा जास्तच भार टाकतात, हेही सांगितले पाहिजे. हे कलम अरबी प्रतीत सापडत नाही, १८०५ च्या नव्या तहात ते गळले, आणि मुस्लिम सत्तेला चुचकारण्याचा हेतू त्यात उघड होता. तरीही इंग्रजी मजकूर सिनेटसमोर होता, वृत्तपत्रांत छापला गेला, आणि त्यावर गहजब झाला नाही. ख्रिस्ती राज्य ही सर्वमान्य गोष्ट असती तर तो झाला असता.

नाण्यावर देवाचे नाव आले १८६४ मध्ये, यादवी युद्धाच्या धुमाळीत. ध्वजप्रतिज्ञेत ते आले १९५४ मध्ये, आणि राष्ट्राचे ब्रीदवाक्य झाले १९५६ मध्ये, कम्युनिस्टांशी शीतयुद्ध पेटलेले असताना. मूळ प्रतिज्ञा १८९२ मध्ये एका बाप्टिस्ट धर्मोपदेशकाने लिहिली होती, आणि तिच्यात देव नव्हता. अमेरिकेच्या भूमीवर सर्वशक्तिमान ईश्वराला प्रस्तावनेत आवाहन करणारी एक संघराज्याची घटना मात्र झाली. ती १८६१ ची, गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेची. ‘ख्रिस्ती राष्ट्र’वाल्यांनी हा दाखला द्यायचा का, ते त्यांनीच ठरवावे.

आता दुसरा पक्ष. संस्थापक सगळेच निरीश्वरवादी किंवा निर्गुण ईश्वर मानणारे होते, हे धादांत चूक. जॉन जे, सॅम्युएल ॲडम्स, रॉजर शर्मन हे श्रद्धाळू ख्रिस्ती. मॅडिसनचा कॉलेजातला गुरू जॉन विदरस्पून हा प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक. जाहीरनाम्यावर त्याची सही आहे. वस्तऱ्याने बायबल कातरून त्यातले चमत्कार वगळणारा, जाहीरनाम्याचा लेखक टॉमस जेफरसन हा एक टोकाचा नमुना होता, सरासरी नव्हे.

बंडाची भाषाही लोकांच्या कानी आधी चर्चमधूनच पडली. सत्ताधीशांच्या अधीन राहा, हा पौलाचा उपदेश राजनिष्ठांचे हुकमी शस्त्र होता. बोस्टनच्या जोनाथन मेह्यूने १७५० मध्येच त्याचा अर्थ लावून दाखवला, की जुलमी राजा देवाचा सेवक नव्हेच, तेव्हा त्याची आज्ञा बंधनकारक नाही. टॉमस पेनला बायबलवर विश्वास नव्हता. पुढे त्याने ख्रिस्ती धर्मावर उघड हल्ला चढवला. ज्याचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचून तरुण जोतीरावांना दिशा सापडली, तोच हा पेन. पण १७७६ मध्ये ‘कॉमन सेन्स’ लिहिताना राजेशाहीविरुद्ध त्याने आधार दिला तो शमुवेलाच्या ग्रंथाचा. आपला वाचक कोण आहे, हे तो जाणून होता. आणि माणसे देवदूत असती तर सरकार लागलेच नसते, हा मॅडिसनचा सुप्रसिद्ध विचार पाहा. मनुष्यस्वभावाविषयीचा हा सावधपणा कॅल्व्हिनच्या अनुयायांच्या शिकवणीत वाढलेल्या वाचकाला नवा नव्हता. धर्माचा वाटा काडीचाही नाही म्हणणाऱ्यांना हे सगळे डोळ्यांआड करावे लागते.

मग माझा पक्ष काय? तो पाहायचा तर फिलाडेल्फिया सोडून व्हर्जिनियात जावे लागेल. तिथे इंग्लंडचे अँग्लिकन चर्च हेच सरकारी चर्च होते. सगळ्यांच्या करांतून ते पोसले जाई. परवान्याशिवाय प्रवचन केले म्हणून बाप्टिस्ट उपदेशकांना तुरुंगात डांबत. कल्पेपरच्या तुरुंगात जेम्स आयर्लंड गजांआडून बाहेर जमलेल्या लोकांना प्रवचन देई, आणि त्याला गप्प करायला मिरी-गंधकाची धुरी दिली जाई. १७७४ च्या जानेवारीत बावीस वर्षांच्या मॅडिसनने मित्राला लिहिलेल्या पत्रात शेजारच्या परगण्यात अशा लोकांना कोंडल्याचा संताप आहे. ‘घटनेचा जनक’ या प्रश्नाकडे वळला तो या कैद्यांमुळे.

१७८४ मध्ये पॅट्रिक हेन्रीने तडजोड सुचवली: एकाच चर्चला नको, सगळ्याच ख्रिस्ती पंथांच्या उपदेशकांसाठी कर बसवू, करदात्याने आपला पंथ निवडावा. आजच्या ‘ख्रिस्ती राष्ट्र’वाल्यांना याहून गोड प्रस्ताव सुचणार नाही. मॅडिसनने १७८५ मध्ये पंधरा मुद्द्यांचे निवेदन लिहून तो फोडून काढला. जी सत्ता इतर धर्मांना डावलून ख्रिस्ती धर्म प्रस्थापित करू शकते, ती उद्या इतर पंथांना डावलून एखादाच ख्रिस्ती पंथही प्रस्थापित करील. आणि सरकारी आश्रयाच्या पंधराशे वर्षांत धर्मगुरूंत दर्प आणि आळस सोडून काय पिकले? पण मॅडिसनच्या निवेदनापेक्षाही जास्त सह्या पडल्या त्या दुसऱ्याच एका अर्जावर. तो श्रद्धाळू ख्रिस्त्यांचा होता, आणि हा कर शुभवर्तमानाच्या मर्माविरुद्ध आहे असे त्याचे म्हणणे होते. कर बुडाला. १७८६ मध्ये जेफरसनचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा मंजूर झाला. त्याच्या प्रस्तावनेत येशू ख्रिस्ताचे नाव घालण्याची सूचना मोठ्या बहुमताने फेटाळली गेली. जेफरसनने आत्मचरित्रात याचा अर्थ सांगितला आहे: ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू आणि नास्तिक या सगळ्यांना हे छत्र मिळावे, हाच सभागृहाचा हेतू होता. हिंदू हा शब्द त्याचाच.

धर्म आणि राज्य यांच्यातल्या भिंतीची प्रतिमाही नास्तिकाची नव्हे. मॅसॅच्युसेट्समधून हाकललेला, प्रॉव्हिडन्स वसवणारा कडवा धार्मिक रॉजर विल्यम्स याने ती १६४४ मध्ये वापरली, चर्चची बाग जगाच्या रानापासून राखण्यासाठी. जेफरसनने १ जानेवारी १८०२ रोजी ती वापरली कनेटिकटच्या बाप्टिस्टांना लिहिलेल्या पत्रात, कारण तिथे अजून दुसऱ्याच पंथाचे सरकारी चर्च होते. त्याच दिवशी मॅसॅच्युसेट्सचा बाप्टिस्ट उपदेशक जॉन लीलंड १,२३५ पौंडांचे एक अजस्र चीज घेऊन अध्यक्ष जेफरसनच्या दारी पोचला. गावकऱ्यांनी आभारादाखल ते बनवले होते. सरकारचा धर्ममतांशी संबंध गणिताच्या सिद्धांतांशी असतो तितकाच, असे मानणारा हा उपदेशक. दोनच दिवसांनी प्रतिनिधिगृहात त्याचे प्रवचन झाले आणि जेफरसन ते ऐकायला गेला. एक पक्ष या प्रवचनाकडे बोट दाखवतो, दुसरा त्या पत्राकडे. एकाच आठवड्यातल्या या दोन गोष्टी एकत्र वाचायला कोणी तयार नाही.

एक आक्षेप उरतो, आणि तो गंभीर आहे. १७९१ ची पहिली दुरुस्ती फक्त काँग्रेसचे हात बांधते. राज्यांची सरकारी चर्चे तिने हलवली नाहीत. कनेटिकटचे १८१८ पर्यंत, मॅसॅच्युसेट्सचे १८३३ पर्यंत टिकले. मग फारकत मूळची कशी? उत्तर असे, की ही चर्चे कोणत्याही केंद्रीय न्यायालयाने पाडली नाहीत. ती त्या-त्या राज्यांच्या लोकांनी स्वतः मोडली. मॅसॅच्युसेट्समध्ये तर १८२० च्या सुमारास न्यायालयाने डेडहॅमच्या चर्चचा ताबा सनातनी सभासदांऐवजी परगण्यातल्या सगळ्या करदात्यांकडे दिला. सरकारी पैसा घेतला की मालकी कोणाकडे जाते, हे सनातन्यांना त्या दिवशी कळले. कनेटिकटमध्ये लायमन बीचर या धर्मोपदेशकाने सरकारी चर्च वाचवायला जिवाचे रान केले, हरल्यावर तो खचला. पुढे मात्र तोच म्हणू लागला, की राज्यासाठी याहून चांगले काही घडलेच नाही. सरकारी टेकू गेल्यावर चर्चे लोकांच्या वर्गणीवर उभी राहिली आणि फोफावली. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले आणि पुढे अहमदनगरात रुजलेले अमेरिकन मराठी मिशन अशाच खासगी वर्गण्यांवर चालले.

म्हणून ‘अमेरिकेला पुन्हा ख्रिस्ती राष्ट्र करा’ म्हणणाऱ्यांना विचारायचे ते इतकेच: तुम्ही कोणत्या ख्रिस्त्यांचे वारस? मेरी डायरला फासावर देणाऱ्यांचे, की कल्पेपरच्या गजांआडून प्रवचन देणाऱ्यांचे? व्हर्जिनियात हे दोन प्रकारचे ख्रिस्ती समोरासमोर आले आणि दुसरे जिंकले. तो निकाल फिरवणे म्हणजे बाप्टिस्टांचा विजय बाप्टिस्टांच्याच नातवंडांनी उलटवणे. आणि इहवाद्यांनीही आपल्या भिंतीचे गवंडी कोण होते ते विसरू नये. श्रद्धाळूंना हिणवून ही भिंत राखता येणार नाही, कारण श्रद्धाळूंच्या सह्यांशिवाय ती उभीच राहिली नसती.