न थांबणाऱ्या यंत्राचे कौतुक

ब्लॉकचेनविषयी लिहिणारे एका गुणावर फार लुब्ध झालेले दिसतात : जाळे क्षणभरही न थांबवता त्याचे नियम बदलता येणे. रचना सुट्या घटकांची असेल तर एक घटक काढून दुसरा बसवता येतो आणि व्यवहार चालूच राहतात. हा गुण आम्ही नाकारत नाही. परंतु ‘थांबले नाही’ एवढे ऐकताच प्रश्न मिटला असे मानण्याची जी घाई चालली आहे, तिला आमचा आक्षेप आहे. (साहित्याच्या अध्यापकांनी या फंदात का पडावे, असे कोणी विचारील. ब्लॉकचेन ही अखेर अनेकांनी आपापल्या घरी जपलेली एकच पोथी आहे. आणि पोथीतला पाठ कोण बदलतो, हा आमच्या विषयाबाहेरचा प्रश्न नव्हे.)

इथेरियमचे उदाहरण पाहावे. जून २०१६ मध्ये ‘द डाओ’ या सामुदायिक निधीच्या आज्ञावलीतील त्रुटीचा लाभ घेऊन कोणीतरी सुमारे ३६ लाख इथर वळते केले. ते परत आणण्यासाठी २० जुलै रोजी नियमांची नवी आवृत्ती लागू झाली. मात्र जाळ्यातील संगणक चालवणाऱ्या प्रत्येकाने ती स्वतः बसवून घ्यायची होती. काहींनी घेतली नाही. लिहिले ते लिहिले, असा त्यांचा आग्रह. त्यांची साखळी ‘इथेरियम क्लासिक’ या नावाने आजही चालू आहे. पाठभेद म्हणतात तो हाच. तो गैरसोयीचा होता, पण मतभेदाचा पुरावा त्यामुळे शिल्लक राहिला.

पोल्काडॉटमध्ये साखळीचे नियमच संकेतावलीच्या रूपात साखळीवर साठवलेले असतात. मतदान झाले की जुनी संकेतावली जाऊन नवी येते आणि सारे संगणक तिला आपोआप पाळू लागतात. मताचे वजन ठरते ते टोकनांच्या संख्येवर आणि ती किती काळ अडकवून ठेवण्याची तयारी आहे यावर. शाखाभेद टळला म्हणून या रचनेचा गौरव होतो. तो टळला की दडपला? ज्याला मान्य नसेल त्याने वेगळी आज्ञावली चालवावी, मार्ग बंद नाही, असे उत्तर मिळते. ते खरेही आहे. परंतु तिथे काहीच न करणे हा नकार होता. इथे काहीच न करणे ही संमती ठरते. एवढा मोठा पालट ‘सोय’ या शब्दाखाली झाकला जावा, याचे आम्हांस नवल वाटते.

बरे, सुटे घटक आणि नकाराचा हक्क यांचे मुळात वैर नाही. इथेरियमने १५ सप्टेंबर २०२२ रोजी एकमत ठरवण्याची पद्धतच बदलली. डिसेंबर २०२० पासून शेजारी चालवलेली बीकन साखळी जुन्या व्यवहारस्तराला जोडली गेली, विजेचा वापर सुमारे ९९.९५ टक्क्यांनी घटला आणि जाळे थांबले नाही. तरीही नवी आज्ञावली ज्याची त्यालाच बसवावी लागली, आणि ज्यांना ती नको होती त्यांतील काहींनी जुन्या पद्धतीची साखळी वेगळी चालू ठेवली. मग अखंडतेसाठी नकार सोडावाच लागतो, हे कोणत्या आधारावर सांगितले जाते?