मुलांची वेदना आणि खर्चाचा हिशेब

टॉन्सिल काढण्याची शस्त्रक्रिया किरकोळ समजली जाते. परंतु ज्या बालकावर ती होते, त्याच्या दृष्टीने पुढील सात ते दहा दिवस किरकोळ नसतात. दुखते म्हणून मूल पाणी पीत नाही, आणि घसा कोरडा पडला की गिळणे अधिकच कठीण होते.

पाश्चात्त्य देशांत या वेदनेवर अफूजन्य कोडीन देण्याचा प्रघात होता. कोडीनचे यकृतात मॉर्फिन होते. काही मुलांत ते इतक्या वेगाने होते की नेहमीच्या मात्रेनेही श्वास मंदावतो. काही बालके दगावल्यानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली या शस्त्रक्रियेनंतर मुलांना कोडीन देणे वर्ज्य ठरविले. २०१७ मध्ये ट्रॅमाडॉललाही तोच निर्बंध लागला. २०१९ च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनी पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा दोन्हींची शिफारस केली.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने यात का बोलावे? कारण ही दोन्ही औषधे स्वस्त आहेत; दुर्मिळ आहे ती समजावून सांगणाऱ्याची पाच मिनिटे. माझ्या भाच्याला घरी सोडताना कागदावर एवढेच लिहिले होते: ‘दुखल्यास औषध द्यावे.’ मूल शांत झोपले म्हणून बहिणीने रात्रीचे औषध दिले नाही. पहाटे त्याला थेंबभर पाणीही गिळवेना. अखेर सलाइनसाठी पुन्हा दाखल करावे लागले. मेव्हण्यांचा दोन दिवसांचा रोजगार बुडाला. रुग्णालयाने वाचविलेला वेळ कुटुंबाच्या माथी खर्च होऊन बसला. यास काटकसर म्हणता येणार नाही.

अफूजन्य औषध टाळणे म्हणजे मुलाला सोसावयास लावणे नव्हे. प्रत्येक रुग्णालयाने घरी सोडताना साध्या मराठीत एक पत्रक द्यावे. वजनानुसार मात्रा, ती मोजण्याचे माप, आणि पहिल्या काही दिवसांत रात्रीसह औषधाच्या ठरलेल्या वेळा त्यात असाव्यात. पॅरासिटामॉल असलेले सर्दीचे औषध जोडीला देऊ नये, ॲस्पिरिन मुळीच देऊ नये, आणि तोंडातून रक्त आल्यास किंवा लघवी कमी झाल्यास तात्काळ परत यावे, हेही स्पष्ट लिहावे. हे पत्रक छापावयास कोणत्याही योजनेची वा अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. मूल आपली वेदना शब्दांत मांडू शकत नाही. म्हणून तिची दखल घेण्याचे दायित्व आपल्यावर अधिक आहे.