काचेचा तंतू आणि आपला वाटा

'सहकार' हा शब्द बीड जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. कारखान्याची चिमणी, गळिताचा हंगाम, सभासदांची साखर, संचालक मंडळाची निवडणूक हे सारे आपण कळू लागल्यापासून पाहत आलो आहोत. आणि दिवाळी सरली की आपल्याच वाड्यावस्त्यांवरची माणसे कोयते बांधून त्याच कारखान्यांच्या फडांकडे निघतात, हेही पाहत आलो आहोत. म्हणून 'विद्यापीठ आणि उद्योग यांचे सहकार्य' हा अलीकडे व्यासपीठाव्यासपीठांवरून ऐकू येणारा शब्दप्रयोग कानी पडला, की माझ्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो असा : या सहकारात सभासद कोण, आणि कोयता कुणाच्या हाती?

प्रश्न खवचट वाटेल. पण तो मी हवेत विचारीत नाही. बीडहून गेवराई, पाचोड, अडूळ करीत आपली एस.टी. छत्रपती संभाजीनगरला पोचते. त्या शहरात आपले विद्यापीठ आहे. १९५८ साली ते मराठवाडा विद्यापीठ म्हणून सुरू झाले, १९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ या नावाने ओळखले जाते, आणि आपल्या पदवीवर त्याचाच शिक्का असतो. त्याच शहराच्या वाळूज आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत स्टरलाइट टेक्नॉलॉजीज या कंपनीचे कारखाने आहेत. तिथे ऑप्टिकल फायबर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारा काचेचा तंतू तयार होतो. विद्यापीठ आणि उद्योग एका गावात नांदतात, आणि उद्योगही असा, की जगातले बहुतेक सारे दूरसंभाषण त्याच्याच मालावर चालते. सहकार्याचा विचार करायला याहून जवळचे उदाहरण कुठे शोधायचे?

हा तंतू होतो कसा, हे थोडक्यात सांगतो. कलाशाखेच्या माणसालाही ते कळण्यासारखे आहे. सिलिकॉनच्या एका अतिशुद्ध संयुगाची वाफ ज्वाळेत जाळून काचेचे बारीक कण थरावर थर बसवतात. त्यातून काचेचा एक जाड दांडा तयार होतो. त्याला प्रीफॉर्म म्हणतात. हा दांडा उंच मनोऱ्याच्या माथ्यावर टांगून त्याचे टोक सुमारे २००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि पाकाची तार ओढावी तसा तंतू खाली ओढतात. जाडी १२५ मायक्रॉन, केसाहून थोडी जास्त. प्रकाश धावतो तो त्याच्या आतल्या सुमारे ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. गाभ्यात किंचित जर्मेनियम मिसळलेले असते. त्यामुळे प्रकाश गाभ्याच्या कडेवर आदळून पुन्हा आतच वळतो, बाहेर पडत नाही.

आता हा तंतू निर्माण कुणी केला, विद्यापीठाने की कारखान्याने? सरळ उत्तर देता येत नाही, आणि मला वाटते यातच सारी गोम आहे. पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात प्राध्यापक हॉपकिन्स यांच्याबरोबर काम केले. काचतंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेता येते, हे त्यांनी १९५४ साली दाखवून दिले. हे काम विद्यापीठातले. पण त्या काचेतून प्रकाश फार दूर जात नसे. त्या काळच्या चांगल्या काचेतही वीसेक मीटरवर शंभरातला एकच भाग उरे. १९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी इंग्लंडमधल्या हार्लो गावी, एका टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत बसून मांडले, की दोष काचेचा नाही, काचेतल्या अशुद्धतेचा आहे. एक किलोमीटरवर शंभरातला एक भाग जरी उरला तरी टेलिफोन चालेल. चारच वर्षांनी, १९७० साली, कॉर्निंग या अमेरिकन काच कारखान्याच्या तीन शास्त्रज्ञांनी तसा तंतू ओढून दाखविला. आज चांगल्या तंतूत शंभर किलोमीटरवर तेवढा भाग शिल्लक राहतो. म्हणजे संभाजीनगरला सोडलेला प्रकाश गेवराईच्या आसपास आला, की शंभरातला एक उरतो. पुढे न्यायचा तर त्याला वाटेत बळ द्यावे लागते. ती युक्ती १९८७ साली साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढली : तंतूतच एर्बियम नावाचे मूलद्रव्य मिसळायचे, म्हणजे तंतूच प्रकाश वाढवितो. त्याच काळात अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या प्रयोगशाळेतही हेच काम चालले होते.

पाहा, चेंडू कसा इकडून तिकडे जातो. स्वतः काओ १९७० साली कंपनीतून हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठात गेले, तिथे इलेक्ट्रॉनिक्सचा विभाग उभा केला आणि पुढे तिथलेच कुलगुरू झाले. नोबेल पारितोषिक मिळाले २००९ साली. कंपनीचा नोकर आणि विद्यापीठाचा कुलगुरू ही दोन वेगळी माणसे असावी लागतात, असे आपण का धरून चालतो कोण जाणे.

आपल्या देशातही हा व्यवहार नवा नाही. टेलिफोन केंद्रांना जोडणारी पहिली ऑप्टिकल फायबरची वाहिनी १९७९ साली सुरू झाली ती पुण्यात. दिल्लीच्या आय.आय.टी.त प्राध्यापक अजय घटक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयाची एक पिढी घडविली. कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत तंतू ओढले गेले. अगदी अलीकडे, २०२५ साली, सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था आणि आपल्या शेजारची हीच स्टरलाइट यांनी मिळून, एका तंतूत चार गाभे असलेल्या काचेतून शंभर किलोमीटरांहून अधिक अंतरावर क्वांटम गुप्तकिल्ली पाठविण्याचा प्रयोग केला. हे वाचून आनंद झाला, आणि चुटपूटही लागली. काच ओढण्याचा कारखाना मराठवाड्यात. पण काचेविषयीचे प्रश्न विचारणाऱ्या संस्थांची नावे घ्यायची वेळ आली, की जिभेवर येतात ती दिल्ली आणि कोलकाता.

मग आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला या तंतूतले काय आले? चर आला. रस्त्याच्या कडेने खोदलेला लांबच लांब चर. २०११ साली केंद्र सरकारने सर्व ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. केज तालुक्यातल्या आमच्या गावीही तंतू आला. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पेटी बसली, तिच्यात दिवे लुकलुकले. मग रस्ता रुंद करायला एका ठेकेदाराचे यंत्र आले आणि त्याने तंतू तोडला. तो जोडायला दुसरा ठेकेदार येणार होता. त्याची वाट पाहण्यात एक पावसाळा गेला. तंतू जोडला आणि नळयोजनेच्या पाइपासाठी पुन्हा खोदकाम सुरू झाले. गावातले लोक आता त्या पेटीला 'घड्याळ' म्हणतात, बंद पडलेले.

यात हसण्यासारखे आहे तसे अभ्यासण्यासारखेही आहे. तंतू ओढला जातो प्रयोगशाळेच्या स्वच्छतेत, आणि त्याला आयुष्य काढायचे असते आपल्या काळ्या मातीत. ही माती पावसात फुगते आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. अशा मातीत पुरलेल्या तंतूवर वर्षभरात किती ताण येतो? तो किती खोल पुरावा? एका तालुक्यात वर्षाकाठी तो किती ठिकाणी तुटतो, कशाने तुटतो, आणि जोडायला किती दिवस लागतात? पहिला प्रश्न पदार्थविज्ञानाचा, दुसरा अभियांत्रिकीचा. पण तिसरा उघड उघड भूगोलाचा, अर्थशास्त्राचा आणि लोकप्रशासनाचा आहे. याची उत्तरे कारखान्यालाही हवी असणार, कारण त्याचा माल शेवटी मातीतच जातो. असा प्रश्न घेऊन आपण त्याच्या दारी गेलो, तर ती भीक ठरणार नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक बिओंडो बिओंडी यांनी २०१६ साली विद्यापीठाच्या आवारात आधीपासून असलेल्या नळांमध्ये सुमारे पाच किलोमीटर साधा दूरसंचाराचा तंतू फिरविला आणि त्याच्या एका टोकाला ऑप्टासेन्स नावाच्या कंपनीचे यंत्र जोडले. जमीन थरथरली की तंतू सूक्ष्मसा ताणला जातो, त्यातून परत येणारा प्रकाश बदलतो, आणि यंत्राला थरथर कळते. अशा रीतीने त्यांनी शेकडो भूकंपांची नोंद केली, त्यांत अगदी बारीक धक्केही होते. विद्यापीठाचा प्रश्न, कंपनीचे यंत्र.

मित्रहो, हे वाचताना कुणा मराठवाड्याच्या माणसाला किल्लारी आठवणार नाही? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती. सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. आपल्यातल्या कुणाचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण घरोघरी ती आठवण आहे. सास्तूरसारखी ज्या गावांना त्या पहाटेने उद्ध्वस्त केले, ती धाराशिव जिल्ह्यात आहेत, आणि धाराशिवला आपल्याच विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. तंतू जमिनीत पडलेला, तो करणारा कारखाना शेजारी, आणि जमीन हीच. भूकंपाचे भाकीत यातून होणार नाही, कुणी तसा दावा करू नये. पण या जमिनीखाली काय चालले आहे ते ऐकायला तरी बसता येईल. हा प्रश्न दिल्लीच्या संस्थेने विचारण्याआधी आपल्या विद्यापीठाने विचारावा, असे मला मनापासून वाटते.

आता दुसरी बाजू. आमच्या एका प्राध्यापकांशी यावर वाद झाला. त्यांचे म्हणणे, उद्योग पैसा देतो तेव्हा विषयही तोच ठरवितो. निष्कर्ष गैरसोयीचा निघाला, तर तो कपाटात बंद होतो. ही भीती पोकळ नाही. २०२३ च्या कायद्याने जे अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले, त्याच्या पाच वर्षांच्या ५०,००० कोटींच्या आराखड्यात ३६,००० कोटी सरकारबाहेरून, मुख्यतः उद्योगांकडून यावयाचे धरले आहेत. म्हणजे हा प्रश्न टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. आणि साखरेचा अनुभव आपल्यापुढे आहे. १९७५ साली सहकारी कारखान्यांनी पुण्याजवळ मांजरीला स्वतःची संशोधन संस्था काढली, तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. उसाच्या जाती, साखरेचा उतारा यांवर तिने मोठे काम केले, याबद्दल दुमत नाही. पण ऊस तोडणाऱ्या बाईच्या शरीराचे काय होते, हा प्रश्न उद्योगाकडून आला नाही. बीडच्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची शासकीय समितीने चौकशी केली ती २०१९ साली. जो संशोधनाला पैसा देतो त्याला स्वतःचे प्रश्न दिसतात, इतका साधा हा न्याय आहे.

पण म्हणून दार लावून घ्यायचे? तसे केले तर उद्योगाचे काही अडत नाही, तो साउदॅम्प्टनला जाईल, दिल्लीला जाईल. अडते आपले. माझ्या मते उपाय एवढाच, की करारावर सही होताना निष्कर्ष छापण्याचा हक्क विद्यापीठाने सोडू नये, आणि ठरणाऱ्या प्रश्नांपैकी एक तरी प्रश्न इथल्या जमिनीवरचा, इथल्या माणसांनी विचारलेला असावा. नुसते सामंजस्य करार, हारतुरे आणि छायाचित्रे यांनी काही होत नाही. आणि विद्यार्थ्यांना बसमधून नेऊन कारखाना दाखवून आणणे हेही सहकार्य नव्हे, ती सहल. (सहलीला माझा विरोध नाही, डबा चांगला असावा.)

नव्या अभ्यासक्रमात 'ऑन जॉब ट्रेनिंग' आले आहे. बहुतेक जण ते कुठल्या तरी दुकानात वा कार्यालयात सही-शिक्क्यापुरते उरकतात. त्याऐवजी भूगोल आणि अर्थशास्त्र या विभागांनी मिळून निदान केज तालुक्यातल्या ग्रामपंचायतींचा तंतू कुठून गेला, कुठे तुटला, कुठली पेटी चालू, कुठली बंद, याचा एक नकाशा करावा, आणि तो विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागाला व शेंद्र्याच्या कारखान्याला पाठवावा. याला मोठे यंत्र लागत नाही. मोबाइल आहेत, दुचाक्या आहेत. काम एप्रिल-मे महिन्यांत करावे, कारण तोवर फड संपवून माणसे गावी परतलेली असतात, आणि चर नेमका कुठे आणि किती खोल खोदला, हे कागदापेक्षा त्यांतल्या कित्येकांना जास्त ठाऊक असते. चर खोदणारे तेच होते.