हौसेचा झुरका

मुळा-मुठेकाठच्या खराडीत शेतांच्या जागी इऑन आयटी पार्क आणि उंच गृहसंकुले उभी राहिली. त्यांच्यासोबत राहणीच्या नव्या कल्पनाही आल्या. विडी ओढणारा मुलगा घराला लाज आणतो. पण समारंभातील सिगारकडे मात्र आपण ‘हौस’ म्हणून पाहतो. ‘धूर आत घेतच नाही,’ असे समर्थनही होते.

हे समर्थन फसवे आहे. सिगारच्या अल्कधर्मी धुरातील निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनही रक्तात उतरते. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. अमेरिकेत १२ ते १७ वर्षांच्या मुलांच्या अभ्यासात, सिगारेटला कधीही न शिवलेली पण सिगार, हुक्का असे प्रकार वापरलेली मुले वर्षभरात सिगारेटकडे अधिक प्रमाणात वळलेली दिसली.

अठरा वर्षांखालील मुलांना आणि शिक्षणसंस्थांपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. सुटी सिगारेट मुलांच्या खिशाला परवडते. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये तिच्या विक्रीवरही बंदी घातली.

तरीही ग्राहकाचे वय विचारायचे असते ते गल्ल्यावर बसलेल्या आपणच. श्रावकाला विषवाणिज्य वर्ज्य सांगितले आहे. समोरचे मूल आपले नसले, तरी कुणाच्या तरी घरचे असतेच. दुकानात ‘नाही’ म्हणणाऱ्या वडिलांना घरच्या समारंभातही तेच म्हणता आले पाहिजे. मुले दोन्हीकडे पाहत असतात.