परदेशातून परतताय? प्लॉट बघण्याआधी घरचा सातबारा उघडा

शिरवळपासून पेठनाक्यापर्यंत हायवेनं या. दोन्ही बाजूंना प्लॉटिंगचे फलक मोजता मोजता दमाल. ‘गुंतवणुकीची सुवर्णसंधी’, ‘एनआरआय बांधवांसाठी खास’, ‘हप्त्याची सोय’ आणि खाली बारीक अक्षरात ‘लवकरच एनए’. यातला ‘लवकरच’ हा शब्द सगळ्यात महाग पडतो.

या फलकांचं गिऱ्हाईक कोण, ते गावोगाव माहीत आहे. दुबई-मस्कतला दहा-पंधरा वर्षं काढून आलेला फिटर, सुपरवायझर. अमेरिका नाहीतर जर्मनीतून परतायचं ठरवलेला आयटीवाला. जत्रेला आठ दिवस येतो, कुणीतरी पाव्हणा गाडीत घालून जागा दाखवायला नेतो आणि परत विमानात बसायच्या आत विसार देऊन मोकळा होतो. आयुष्याची कमाई आठ दिवसांत जमिनीत जाते आणि पुढची आठ वर्षं हेलपाटे. यात फसवणूक दर वेळी असतेच असं नाही. बऱ्याचदा घेणाऱ्यालाच ठाऊक नसतं की कायद्याच्या लेखी आपण नेमके कोण आहोत.

तुम्ही एनआरआय का शेतकरी?

परकीय चलनाच्या कायद्यानं, म्हणजे फेमानं, अनिवासी भारतीयाला भारतात घर, फ्लॅट, दुकान, एनए प्लॉट घ्यायला मोकळीक दिली आहे. शेतजमीन, मळ्याची जमीन आणि फार्महाऊस मात्र विकत घेता येत नाही. ओसीआय कार्डवाल्यांनाही तोच नियम. फार्महाऊसचं नाव नियमात वेगळं घेतलंय, हे ध्यानात ठेवा. म्हणजे महाबळेश्वरच्या रस्त्याला ‘एनआरआयांसाठी फार्महाऊस प्लॉट’ विकणारा जे विकतोय, ते सातबाऱ्यावर शेतजमीन असेल तर ते तुम्हाला घेताच येत नाही. बक्षीसपत्रानंही नाही. वारसानं आलेली जमीन मात्र ठेवता येते.

कायमचं राहायला, नोकरी-धंद्यासाठी परतलात की फेमाच्या दृष्टीनं तुम्ही निवासी होता. सुट्टीवर आलेला माणूस निवासी होत नाही. आयकराचा १८२ दिवसांचा हिशोब वेगळा आणि हा वेगळा, दोन्हींची गल्लत करू नका. परतल्यावर बँकेला कळवून एनआरई खातं बदलून घ्यावं लागतं. बाहेर राहताना तिथं घेतलेली मिळकत, तिथल्या ठेवी परतल्यावरही तशाच ठेवता येतात. सगळं मोडून एकदम जमिनीत घालायची सक्ती कुणाची नाही.

फेमाचं दार उघडलं की पुढं महाराष्ट्राचं दार. कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणं शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, त्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती न घेता केलेला व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. आपल्याकडं बहुतेकांना वाटतं, ‘आम्ही काय, पिढ्यान्‌पिढ्याचे शेतकरी.’ असाल. पण कागदावर आहात का?

इथंच खरी मेख आहे. परदेशात जाताना किंवा वडील गेल्यावर कितीतरी जणांनी मोठ्या मनानं भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलंय. ‘मला काय करायचीय शेती, तू बघतोस ना, तूच ठेव.’ भावना चांगली. पण पंधरा वर्षांनी परतल्यावर चार एकर विकत घ्यायला जावं, तर शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून दाखवायला स्वतःच्या नावाचा सातबारा नाही, आठ-अ नाही. तलाठ्याच्या मुलाला आपलं बालपण माहीत असेल, पण दुय्यम निबंधकाला कागद लागतो. म्हणून अजून हक्क सोडला नसेल, तर अर्धा एकर का होईना, नाव राहू द्या. त्या अर्ध्या एकराची किंमत बाजारभावात मोजू नका.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. जो भाऊ मागं राहिला, त्यानं आई-वडिलांचं दुखणंखुपणं काढलं, टेंभू-ताकारीच्या पाण्याच्या पट्ट्या भरल्या, विहिरीचं कर्ज फेडलं. त्याला परदेशातून आलेल्या भावाचं ‘माझा हिस्सा दे’ कसं ऐकू येत असेल? तहसीलला पडून असलेली वाटपाची निम्मी भांडणं कायद्याची नसतात, या न बोललेल्या हिशोबाची असतात.

पैसा माझा, नाव भावाचं

एनआरआयला शेतजमीन घेता येत नाही म्हटल्यावर घराघरांत एकच उपाय निघतो. पैसे पाठवायचे, जमीन वडिलांच्या किंवा भावाच्या नावानं घ्यायची, आल्यावर बघू. वडिलांना पैसे भेट देणं कायद्यानं चालतं. पण मग ती जमीन वडिलांची झाली. त्यांच्या माघारी ती सगळ्या भावा-बहिणींत वाटली जाणार, पैसे कुणी पाठवले हे सातबाऱ्यावर लिहिलेलं नसतं. आणि भेट नव्हे, जमीन माझीच, फक्त नाव त्याचं, असं म्हणालात तर बेनामी व्यवहाराचा कायदा आडवा येतो. १९८८ चा हा कायदा २०१६ मध्ये चांगलाच कडक झाला. त्यात नवरा-बायको आणि मुलांसाठी सूट आहे, भावाच्या बाबतीत सूट आहे ती कागदावर दोघांची संयुक्त मालकी असेल तर. नुसत्या विश्वासावर ठेवलेल्या जमिनीला त्या सुटीचा आधार नाही.

मुखत्यारपत्राचंही तसंच. कुलमुखत्यारपत्र आणि नोटरी केलेला साठेखत म्हणजे खरेदी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच सांगितलंय. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून आणावं लागतं आणि ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरावा लागतो. ‘सगळे अधिकार’ देण्यापेक्षा एका गटापुरतं, एका कामापुरतं द्या.

गुंठ्याची गोष्ट

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. ‘तुकडेबंदी उठली म्हणं, आता गुंठा-दोन गुंठे घ्यायला हरकत नाही ना?’

तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे असं खाली आणलं. त्याहून लहान तुकड्यांचे जुने व्यवहार नियमित करायला आधी बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम भरावी लागे, २०२४ मध्ये ती ५ टक्क्यांवर आली. २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी विधानसभेत घोषणा केली आणि पुढं अध्यादेश निघून जुने व्यवहार विनाशुल्क नियमित करायची वाट खुली झाली. ही सवलत शहरी हद्दीतल्या आणि रहिवासी वापराच्या भागातल्या, ठरावीक तारखेआधीच्या व्यवहारांसाठी आहे. उद्या कुणी मायणीच्या माळावर किंवा जतच्या बाजूला शेतजमिनीचे दोरी मारून गुंठे पाडले, तर ते आपोआप कायदेशीर होत नाहीत. पण एजंट बातमीचं कात्रण दाखवून नेमकं तेच विकतोय.

सांगलीकरांना हे नव्यानं सांगायला नको. सांगली-मिरज-कुपवाडची निम्मी उपनगरं गुंठेवारीत वसली. २००१ चा गुंठेवारी कायदा आला तरी गटार, रस्ता, बांधकाम परवाना यासाठी लोकांनी किती वर्षं काढली, हे शामरावनगरात कुणालाही विचारा. त्यात भर पुराची. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. उन्हाळ्यात बघितलेला प्लॉट कोरडाच असतो. पूररेषेच्या नकाशावर तो कुठं येतो, ते महापालिकेत किंवा पाटबंधारे खात्यात जाऊन बघा. शेजारच्या भिंतीवरची पाण्याची खूण बघितली तरी बरंच कळतं.

पश्चिमेला वेगळा पेच. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. जावळी-पाटणकडं व्याघ्र प्रकल्प आणि पश्चिम घाटाच्या मसुद्यातली गावं, वर नवीन महाबळेश्वर प्रकल्पाची चर्चा. प्रकल्पाच्या नावानं भाव आधीच चढलेत, नियम काय असतील ते नंतर कळणार. २०२४ मध्ये कांदाटी खोऱ्यातल्या झाडाणीचं प्रकरण गाजलं. जवळपास अख्ख्या गावाची जमीन बाहेरच्यांकडं गेली आणि मग सिलिंग कायद्याखाली सुनावण्या सुरू झाल्या. जिरायतीची मर्यादा ५४ एकर आहे, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं. पूर्वेला शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीच्या अफवांवर असेच सौदे झाले. आखणी बदलायची भाषा निघाली की जमीन तिथंच राहते, भाव जातो.

सातबारा वाचताना लोक वरचं नाव बघतात. उजवीकडचा ‘इतर हक्क’ हा रकाना आधी वाचा. ‘पुनर्वसनासाठी राखीव’ हा शेरा साताऱ्या-सांगलीत धरणांच्या लाभक्षेत्रात जागोजाग सापडतो. तो असताना परवानगीशिवाय विक्री होत नाही. कोयनेच्या धरणग्रस्तांना दिलेल्या, इनाम-वतनाच्या, देवस्थानच्या जमिनी बऱ्याचदा भोगवटादार वर्ग २ असतात, त्यांचंही तेच. सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, बहिणीचं नाव, सगळं तिथंच दिसतं.

मग गुंतवायचं कुठं?

भाडं येईल तिथं, असं आमचं मत. माळावरचा प्लॉट महिन्याला एक रुपया देत नाही, उलट कुंपण आणि राखण मागतो. कराड-मलकापुरात मेडिकलचे विद्यार्थी आहेत, मिरजेत दवाखान्यांमुळं रुग्णांचे नातेवाईक आणि नर्सिंगच्या मुली, विश्रामबागला वालचंदची पोरं, शिरवळ-खंडाळ्यात कंपन्यांचे कामगार. अशा ठिकाणचा भोगवटा प्रमाणपत्र असलेला जुना फ्लॅट फलकावर झळकत नाही, पण पहिल्या महिन्यापासून उत्पन्न देतो. नवीन प्रकल्प घेणार असाल तर ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा आठपेक्षा जास्त घरांच्या प्रकल्पाला महारेराचा नंबर लागतो. प्लॉटिंगलाही लागतो. फलकावर नंबर नसेल तर गाडी थांबवूच नका.

गावात राहिलेल्यांसाठीही एक सूचना. परदेशातल्या माणसाकडून घर किंवा एनए प्लॉट विकत घेत असाल, तर कर कापून भरायची जबाबदारी तुमची, घेणाऱ्याची. निवासी माणसाकडून ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीची मिळकत घेताना १ टक्का कापतात, तो हिशोब इथं लागू नाही. विकणाऱ्यानं आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणला नसेल तर कपात बरीच मोठी असते. विकणारा बिनघोर विमानात बसतो, नोटीस येते ती घेणाऱ्याला.

हे सगळं बघता पहिला खर्च नव्या जमिनीवर नको, घरच्या कागदांवर करा. २०२५ च्या एप्रिलपासून राज्यात ‘जिवंत सातबारा’ मोहीम झाली. मयत खातेदारांची नावं कमी करून वारस लावायचं काम तलाठ्यांनी गावात येऊन केलं. तुमच्या घरात आजोबांचं नाव अजून असेल, तर ते आधी उरका. बहिणींचा हक्क मुलग्याइतकाच आहे, २०२० च्या निकालानं त्यातली शंका संपली. त्यांना न विचारता काही करू नका, सोडत असतील तर हक्कसोड नोंदणीकृतच करा. एकमत असेल तर कलम ८५ खाली तहसीलदारांकडं वाटप होतं, आणि शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी सरकारनं २०२५ मध्ये माफ केली आहे. मग मोजणी, हद्दीचे दगड आणि मुख्य म्हणजे वाट. रानात जायची वाट नकाशावर नसेल तर वाटणीपत्रात किती फुटांची, कुणाच्या बांधावरून, हे लिहून घ्या.

जत्रेला आठ दिवसच मिळणार असतील, तर त्यातले दोन तलाठी कार्यालय आणि भूमी अभिलेखासाठी ठेवा. गट नंबर आणि जुने फेरफार सोबत न्या, आणि शनिवार-रविवार सोडून जा.